आधी कागद, मग बट्टी

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. सुनेनं फोन माझ्या कानाला लावून धरला. असोद्याहून अक्कांची भाची बोलत होती. “इंदूमावशी, आत्या गेली... सकाळी चहा मागितला आणि कप येईपर्यंत गेली.” आता अशा वेळी माणूस काय बोलेल सांगा? मी म्हटलं, “मग चहा कोणी घेतला?” सून माझ्याकडे बघतच राहिली. पण तिकडून भाची रडता रडता हसली. म्हणाली, “मावशी, आत्या असती तर तिनंही हेच विचारलं असतं.” दोनच दिवस आधी अक्कांशी बोलणं झालं होतं. “इंदू, नव्या पोरी येतील आता. परात घासून ठेव. अन् यंदा सुरुवात तू कर. माझा घसा बसतो.” मी म्हटलं, “माले जमत नही, अक्का. मी चुलीपाशी बरी शे.” त्यावर फोनमधून तो खणखणीत आवाज, “चाळीस वर्षं होस्टेलात काढली, तरी तुझं अहिराणी ‘शे’ काही सुटलं नाही!” मी कशाला ऐकते? “तुमचं असोद्याचं ‘मले-तुले’ सुटलं का?” म्हटलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेच आमचं शेवटचं बोलणं. घसा कुठला बसलाय, चांगला फोन फुटेल असा आवाज होता! पण मला पुढे ढकलायचं तिनं ठरवलंच होतं, हे आता माझ्या ध्यानात येतंय.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते. सुमनअक्का म्हणजे धुळ्याच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, आणि मी तिथल्या मेसची स्वयंपाकीण. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. समोर मी तिला अहो-जाहो करी, पण लिहिताना ‘ती’च येतं, त्याला माझा इलाज नाही. मी शाळेत दोनच वर्षं गेले. पुढची अक्षरं मी डाळ-तांदळाच्या पुड्यांच्या कागदांवर लावली, आणि जिथे अडेल तिथे अक्कांच्या टेबलापाशी पदराला हात पुसत उभी राही. ती कधी म्हणाली नाही की नंतर ये. उलट म्हणायची, “वाच, वाच, मोठ्यानं वाच. पोरींना कळू दे की या वयातही कोणी शिकतंय.” उंच, सडपातळ, नऊवारी कधी नेसली नाही, पण चाल मात्र नऊवारीची. जिन्यावर तिची चप्पल वाजली की वरच्या मजल्यावरचे रेडिओ आपोआप बंद व्हायचे. आणि इतका दरारा असून तिला पालीची भीती! पाल दिसली की खुर्चीवर उभी राहून मला हाका मारायची.

आता जमुनाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय अक्का कळायची नाही. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला पावरा लोकांची वस्ती आहे, तिथून जमुना बीएस्सीला आली होती. त्या वस्तीतून कॉलेजात येणारी पहिलीच मुलगी. पत्र्याची पेटी, दोन वेण्या, आणि बोलणं इतकं हळू की “वाढू का?” विचारलं तर मान हलायची तेवढीच. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या नजरेत भरलं ते तिचं काम. स्वतःचं ताट घासायची आणि वर आणखी सहा ताटं घासायची. सगळ्यांचं जेवण झाल्यावर शेवटी जेवायची. मी काय म्हणावं? भर मेसमध्ये मोठ्यानं म्हटलं, “बघा गं, शिका जरा हिच्याकडून! गुणाची पोर!” कोपऱ्यातल्या टेबलावर वरच्या वर्षाच्या सहा जणी बसायच्या, त्या खुदकन हसल्या. मला वाटलं, माझं बोलणं आवडलं. मी आणखी फुगले आणि जमुनाच्या ताटात जास्तीचा गूळ वाढला... ती सहा ताटं त्या सहा जणींची होती. त्यांचे कपडेही जमुनाच धूत होती. त्यांना ‘मॅडम’ म्हणायचं, नजर खाली ठेवायची, त्यांचं जेवण झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. दुपारी गच्चीवर तिला उभं करून ‘इंट्रो दे’ म्हणायच्या, तेही तिच्या पावरी बोलीत, आणि शब्दाशब्दाला टाळ्या पिटून हसायच्या. हे सगळं चालू असताना मी खाली तिचे गुण गात होते. ओळख तर बघा माझी माणसांची!

अक्कांना कळलं ते जमुनाच्या खोलीतल्या मुलीकडून. ऐकल्याबरोबर अक्का पेटली. आणि पेटलेल्या माणसाची चूकही मोठी होते. तिनं काय केलं? आमच्याकडे खानदेशात भांडण झालं, वेगळं निघालं, बोलणं बंद झालं की दोन्हीकडच्यांना वरण-बट्टीला बोलवायचं आणि एकमेकांच्या ताटात बट्टी कुस्करायला लावायची. तिचे वडील गावची भांडणं अशीच मिटवत. अक्का म्हणाली, “इंदू, रविवारी बट्टी कर. घरातलं घरात मिटवते.” तिनं असोद्याहून आणलेली पितळी परात काढली, मी जाडसर गव्हाच्या पिठात ओवा-हळद घालून मळलं, वाफवलं, तुपात तळलं. आणि अक्कांनी जमुनाला बसवलं त्या सहा जणींच्या बरोब्बर मध्ये! “हं, कुस्करा तिच्या ताटात. आजपासून सगळ्या बहिणी.” त्या हसत हसत कुस्करत होत्या. एकीनं बट्टी चुरताना वाकून जमुनाच्या कानात काहीतरी सांगितलं. जमुनानं घास उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनाच्या खाटेवर नुसतं ऊन पडलेलं, आणि पत्र्याची पेटी नव्हती.

अक्का त्या रिकाम्या खाटेवर बसली. मला म्हणाली, “वाघाच्या पिंजऱ्यात शेळी नेऊन बांधली मी, अन् वर म्हटलं, जेवा.” मग उठली. “चल.” मी म्हटलं, “दुपारचा स्वयंपाक?” “पोरी एक दिवस पोहे खातील!” आणि आम्ही निघालो की हो! धुळ्याहून शिरपूरची एसटी, शिरपूरहून पुढे एक काळीपिवळी, तिच्यात बायकांच्या मांडीवर कोंबड्या आणि माझ्या मांडीवर अक्कांची पिशवी. शेवटचे दोन कोस पायी. अक्कांना दम लागलेला, तरी मला विचारते, “इंदू, मी काय बोलू गं तिला?” जन्मभर दुसऱ्याला बोलायला शिकवणारी बाई, आणि मला विचारत होती! मी म्हटलं, “खरं बोला. दुसरं काय शे आपल्याकडे?”

जमुना आईबरोबर कपाशीत निंदत होती. आम्हाला पाहून उभी राहिली, पण पुढे आली नाही. अक्का बांधावर थांबली. म्हणाली, “मी तुला न्यायला नाही आले. माफी मागायला आले. तू मला कळवलं नव्हतंस, दुसरीनं कळवलं, अन् मी तुला न विचारता तुझा निकाल लावून टाकला.”  मग जमुनानं विचारलं, “त्या दिवशी बट्टी चुरताना ती काय म्हणाली, माहीत आहे? ‘सांगून काय झालं? जेवायलाच बसवलं ना?’” ...सांगते तुम्हाला, मी जन्मात इतकी मोठी चपराक ऐकली नाही, आणि ती आम्हा दोघींनाही लागली होती. तिची आई आमची भाषा नीट बोलत नव्हती, पण अक्कांना लागलेली धाप पाहून तिनं पाण्याचा तांब्या आणला. पाणी पिऊन अक्का तिथेच बांधावर बसली, पिशवीतून कोरे कागद काढले. “आता तू सांगशील तेवढंच लिहायचं. तू नको म्हणशील ते खोडायचं. अन् हा कागद द्यायचा की नाही, ते तू ठरवायचं.” जमुना सांगत गेली, अक्का लिहीत गेली, लिहिलेलं वाचून दाखवत गेली. जमुनाचा आवाज वाढत गेला! दुसऱ्या पानावर तर ती अक्कांनाच अडवू लागली, “असं नाही, ‘विनंती केली’ नाही, ‘हुकूम केला’ लिहा.” मी मनात म्हटलं, वा गं वा!

शेवटी अक्कांनी एक कोरा कागद माझ्या पुढ्यात ठेवला. “तू काय पाहिलंस ते तू लिही.” मी? मी तोवर वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण लिहिलं. ‘मी सहा ताटं पाहिली. मी तिला गुणाची म्हटलं. मी चुकले.’ तीन ओळींना अर्धा तास लागला. आणि तिसरा कागद अक्कांचा स्वतःचा, रेक्टर म्हणून आपण कुठे चुकलो ते सांगणारा. आपल्या तक्रारीवर सही करून जमुनानं तिन्ही कागद अक्कांना दिले आणि म्हणाली, “उद्या पेटी घेऊन येते. पण आधी हे कागद द्या, मग मला जेवायला बोलवा.”

कॉलेजचे प्राचार्य साहेब सज्जन, पण सज्जन माणसालाही घाम फुटतो. “अक्का, पुढच्या आठवड्यात बाहेरची समिती तपासणीला येतेय. जरा थांबता येईल का?” “साहेब, म्हणून तर आजच आणलं. रॅगिंगविरोधी समितीकडे जायचं आहे हे. पोच द्या.” “शिक्का क्लार्ककडे आहे, तो रजेवर...” “बसते मी.” आणि अक्कांनी काय करावं? पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर सोलत बसली! मलाही मूठभर दिल्या. टरफलांचा ढीग वाढत गेला, साहेबांचे फोन वाढत गेले, आणि अर्ध्या तासात शिक्का सापडला. साहेब म्हणाले, “तुमचा हा तिसरा कागद तरी काढून घ्या. तुमच्याच अंगाशी येईल.” अक्का म्हणाली, “तो काढला तर पोरीला वाटेल, बाई फक्त दुसऱ्यांच्या चुका लिहिते.” चौकशी झाली. जमुनाला त्या सहा जणींसमोर एकदाही उभं केलं नाही, तिचं म्हणणं वेगळं घेतलं. कानात बोलणारी आणि गच्चीवरच्या खेळात पुढे असलेली आणखी एक, अशा दोघींना वसतिगृहातून काढलं, बाकीच्यांना पालकांसमोर लेखी समज मिळाली. आणि अक्कांनाही लेखी ताकीद मिळाली बरं का! ती घेऊन मेसमध्ये नाचत आली. “इंदू, बघ, माझीही तक्रार मंजूर झाली!” जमुना तीन वर्षं राहिली, आणि आज तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते.

तेव्हापासून आमच्या वसतिगृहाची रीत पडली. नव्या मुली आल्या की पहिल्या रविवारी वरण-बट्टी. पण बट्टीच्या आधी कागद वाचायचा: तक्रार कुठे द्यायची, हेल्पलाइनचा नंबर कुठे लावलाय, पोच कशी मागायची. मग ओळख, आणि ती उलटी! थोरलीनं आधी द्यायची, नव्या मुलींनी ऐकायचं. प्रत्येक थोरलीनं नाव, गाव आणि आपली एक चूक सांगायची, मग शेजारच्या नव्या मुलीला विचारायचं, “कुस्करू का?” ती हो म्हणाली तरच हात लावायचा. सगळ्यांत थोरली अक्का, म्हणून दरवर्षी सुरुवात तिची. निवृत्त झाल्यावरही असोद्याहून एसटीनं यायची. “मी सुमन. गाव असोदे. मी एका पोरीला न विचारता तिच्या ताटात बट्टी कुस्करायला लावली.”

परवाच्या रविवारी परात मांडली. नवी रेक्टर तरुण आहे, तिनं कागद छान वाचला. जमुना आली होती, सुट्टी काढून. ओळखीची वेळ झाली आणि सगळ्या थांबल्या... पंगतीच्या टोकाला जिथे अक्का बसायची, तिथे ताट मांडलेलं, माणूस नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी दारात झारा घेऊन उभी. जमुना माझ्याकडे बघत होती, तशीच, त्या कपाशीतून बघत होती तशी. आता थोरली कोण, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. मी झारा ठेवला, हात पुसले आणि जाऊन त्या ताटावर बसले. “मी इंदू. गाव साक्रीकडचं. माझ्या डोळ्यांसमोर एक पोर सहा जणींची ताटं घासत होती, अन् मी तिला गुणाची म्हटलं.” माझ्या शेजारी दोन वेण्यांची एक नवी मुलगी बसली होती, अजून नावही माहीत नव्हतं. मी विचारलं, “कुस्करू का?” तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, “नको मावशी, मला अख्खी आवडते.”

परातीत बट्ट्यांचा ढीग होता. मी त्यातली सगळ्यांत मोठी निवडली आणि तिच्या ताटात अख्खी ठेवली.