ज्याची आठवण, त्याचं गाणं

आमच्या घरी दर रविवारी दुपारी चार पुरुष साठच्या दशकातली इंग्रजी गाणी ऐकायला बसायचे. भाईंदर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लहानशा दोन खोल्यांत. एरवी तळमजल्यावरच्या गाळ्यात स्टीलची भांडी पॉलिश करायची मशिनं दिवसभर किंचाळत असायची, त्यामुळे रेडिओवरच्या बातम्यासुद्धा नीट ऐकू यायच्या नाहीत. रविवारी गाळा बंद, म्हणून रविवार.

चौघांतले एक आमचे हे. टेलिफोन खात्यात नोकरी, मूळचे परभणीकडचे. दुसरे गिरगावातली चाळीतली जागा विकून शेजारच्या बिल्डिंगमध्ये आलेले बँकेतले गृहस्थ. जागा विकली तरी त्यांच्या बोलण्यातून गिरगाव काही गेलं नव्हतं, म्हणून मी मनात त्यांना गिरगावकरच म्हणायची. तिसरे खालच्या गाळ्याचे गुजराती मालक, त्यांना सगळे भाई म्हणत. आणि चौथे जवळच्या मोरवा गावचे अंकल. तरुणपणी ते ख्रिश्चन लग्नांत बँडमध्ये गिटार वाजवायचे. आता बोटं आखडली होती, म्हणून नुसते ऐकायचे.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सातवी शिकलेली, माझं इंग्रजी स्टेशनवरच्या पाट्यांपुरतं. पण गिटार बडवणारी गोरी पोरं कुठली आणि पोटातून गाणारे अमेरिकेतले काळे गायक कुठले, हे ऐकून ऐकून ओळखायला लागले होते. ह्यांना काळे गायक आवडायचे, भाईंना गोरी पोरं. त्यावरून वाद व्हायचे. वाद तापला की चहाची हाक लवकर यायची.

वाद मिटावेत म्हणून गिरगावकरांनी नियम केला. गाणं लावायच्या आधी ते पहिल्यांदा कुठं ऐकलं, त्याचं आपल्या आयुष्याशी काय नातं, ते सांगायचं. सांगितलं की ते गाणं त्या माणसाचं. मग दुसऱ्या कुणी ते लावा म्हणायचं नाही. तो माणूस तापानं घरी पडला असेल तर त्या रविवारी त्याचं गाणंही वाजायचं नाही. आणि आठवण एकदाच सांगायची, गाणं मात्र हवं तितक्या वेळा. मोठी मोठी माणसं, पण गोट्यांच्या खेळातसुद्धा पोरं इतकी काटेकोर नसतील.

आठवणी माझ्या कानावर अर्ध्यामुर्ध्या यायच्या. भाई कॉलेज बुडवून इराण्याच्या हॉटेलात गाण्याच्या मशिनीत नाणं टाकायचे आणि एकदा वडिलांनी तिथंच कानाखाली वाजवली होती, ही एक. अंकलच्या बँडला एका लग्नात नवरीनं स्वतः येऊन एक गाणं वाजवायला सांगितलं, आणि ते वाजत होतं तोवर ती नवऱ्याऐवजी ड्रमवाल्याकडं बघत होती, ही दुसरी. बाकी मी आत असायची. भजी तळताना दार उघडं राहिलं की हेच ओरडायचे, रेकॉर्डींना तेलाचा वास लागतो म्हणून. मग दार लोटून घ्यायचं आणि आतून नुसता गलका ऐकायचा.

बाकीच्यांची डझनांनी गाणी होती. ह्यांचं एकच. परभणीकडच्या पोराकडं त्या काळातल्या इंग्रजी गाण्यांच्या आठवणी येणार तरी कुठून? पण ते एक गाणं दर रविवारी शेवटी लागायचं आणि तेवढा वेळ चौघंही गप्प असायचे.

हे गेले ते ऑफिसात. जेवणाचा डबा उघडला आणि छातीत कळ आली. मला कळवायला शेजारच्या दुकानात फोन आला. मी गॅस बंद केला, चपला घातल्या, किल्ली शेजारणीकडं दिली. सगळं बरोबर केलं. तेव्हापासून मी सगळं बरोबरच करत होते आणि त्याचीच लोकांना काळजी लागली होती.

रडू येत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला की दुसऱ्याचा कळत नाही, तसं मला आतून झालं होतं. बायका जवळ बसून म्हणायच्या, ‘रडून घे गं, मोकळी हो.’ नाशिकला दिलेली माझी लेक येऊन माझ्या गळ्यात पडून रडली, तर मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बाहेर टँकर आला का ते ऐकत होते. पाणी भरायचं होतं. आमच्याकडं तेराव्याऐवजी असतं त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे हात जोडून बसलेले आणि मी मनात वाट्या मोजत होते. मला वाईट वाटत नव्हतं हे खरं. पण वाईट वाटत नाही याची भीती वाटायची. इतकी वर्षं संसार करून माणसाबद्दल काहीच वाटू नये, म्हणजे आपण आहोत तरी कशा? रात्रीचं जेवण झाल्यावर हा विचार यायचा आणि मी भांडी घासायला उठायची.

पुण्यानुमोदन झाल्यावरच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात तिघं. गिरगावकर, भाई आणि अंकल. मला वाटलं, ह्यांच्या रेकॉर्डी न्यायला आले असतील. बरंच झालं, म्हटलं, कपाट रिकामं होईल.

ते आपापल्या जागी बसले. ह्यांची खुर्ची तशीच रिकामी ठेवली. मी चहाला वळले तर अंकल म्हणाले, “चहा र्‍हाऊं दे, बाय. तू बस.” त्या खोलीत त्यांच्यात मी याआधी कधी बसले नव्हते. मग पलंगाच्या कडेवर टेकले.

गिरगावकरांनी घसा साफ केला. “वहिनी, एक विषय होता. त्यांचं गाणं. नियमाप्रमाणे आता ते कुणालाच लावता येत नाही.”

“मग नका लावू.”

“भाभी, बुरा मत मानना,” भाई म्हणाले. “आम्ही लोकांनी सोचलं, घरच्या माणसाने घेतलं तर चालेल. अपना भी वही है ना, धंदा घर में ही रहता है.”

“घरचं माणूस म्हणजे मी?”

“तुम्हीच,” गिरगावकर म्हणाले. “पण आठवण हवी, वहिनी. त्या गाण्याची, तुमची स्वतःची. नाहीतर ही रेकॉर्ड पुन्हा वाजणार नाही.” आणि त्यांनी ती कपाटातून काढून टीपॉयवर ठेवली.

माणूस गेलाय आणि हे गाण्याला वारस शोधतायत! मला हसूही आलं नाही. जा म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. पण अंकल हळूच म्हणाले, “ते गाना बंद झाला तर मना बरा न्हाय वाटणार,” आणि माझं लक्ष त्यांच्या आखडलेल्या बोटांकडं गेलं. म्हटलं, एक वेडेपणाची गोष्ट आहे आपल्याकडं. सांगून टाकू आणि यांना वाटेला लावू. आजवर ती कुणाला सांगितली नव्हती. माझ्या लेकीलाही नाही.

मी सांगितली ती अशी. लग्न होऊन मी परळच्या खोलीत आले तेव्हा भिंतीवर तीन फ्रेमा होत्या. एक बुद्धाची. एक निळ्या कोटातल्या फोटोची, आमच्याकडं घरोघरी असतो तो. आणि तिसरीत एक काळासावळा माणूस, सुटात, कपाळ मोठं, नजर लांब कुठंतरी. ह्यांना आईवडील नव्हते. थोरल्या भावानं स्टेशनवर हमाली करून शिकवलं आणि तो लग्नाआधीच गेला, एवढं मला माहेरी सांगितलं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की हेच थोरले दीर. हमाल सुटात कसा, हा प्रश्न पडला, नाही असं नाही. पण स्टुडिओवाले फोटोपुरता कोट देतात हे मी ऐकलं होतं. खाली इंग्रजीत काहीतरी होतं, ते नाव आणि गेल्याची तारीख असणार.

मी रोज सकाळी त्या फ्रेमपुढं फूल ठेवायची. खोलीत वावरताना त्या भिंतीकडं तोंड झालं की डोक्यावरून पदर घ्यायची. सासरी मोठं असं ते एकच माणूस होतं. हे बघायचे, पण काही बोलायचे नाहीत.

पुढं एक दिवस ह्यांनी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. ती फ्रेम खाली उतरवली, मागचे खिळे काढले, आतून फोटो काढला आणि फोटोच्या पोटातून काळी तबकडी काढली. सुई टेकवली. आणि मी पदर घेऊन उभी असताना माझे थोरले दीर इंग्रजीत गायला लागले.

“हे हसले नाहीत, काही बोलले नाहीत,” मी तिघांना म्हणाले. “पण मनात किती हसले असतील. मी लाजेनं मेले. फूल ठेवायचं बंद केलं आणि तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. ही माझी आठवण. झालं? आता लावायचं तर लावा.”

कुणी हसलं नाही. ही गोष्ट ऐकून माणसं पोट धरून हसतील असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. भाई गिरगावकरांकडं बघत होते. गिरगावकरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“वहिनी,” ते म्हणाले, “ही आठवण सांगून झालेली आहे.”

“कुणी सांगितली? मी तर कुणाला बोलले नाही.”

“त्यांनीच. इथंच. याच गाण्याची म्हणून.”

मला वाटलं, म्हणजे चारचौघांत हसून झालं तर. माझी फजिती बाहेरच्या खोलीत आणि मी आत भजी तळतेय. “काय सांगितलं त्यांनी?” मी विचारलं.

गिरगावकर अंकलकडं बघायला लागले. अंकल खुर्चीत जरा पुढं सरकले.

“तो बोलला, माझ्या दादाचा फोटो कधी निघालाच न्हाय. गेला तवा बघायला पन काय नव्हता. एकदा फुटपाथवर ही रेकॉर्ड दिसली. गायकाचा तोंड अगदी दादासारखा. गाना कसला, म्हाईत नव्हता. वाजवायला मशीन पन नव्हती. तोंडासाठी घेतली आन् फ्रेम करून लावली. कोनाला सांगला न्हाय, लोक हसतील. आन् बायको गावाहून आली, तिनं दादाला कधी बघला न्हाय, काय न्हाय. तिनं दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर फूल ठेवला. मना न विचारता तिनं दादाला वळखला, बोलला.”

मी टीपॉयवरच्या रेकॉर्डच्या पाकिटावरल्या त्या चेहऱ्याकडं बघत होते.

“मी काय बोललो न्हाय, बोलला. बोललो असतो तर तिनं फूल ठेवला नसता. मग मना लोभ सुटला. वाटला, दादाला गाताना पन ऐकू. मशीन आनली. तीच चूक झाली, बोलला. त्या दिवसापासून फूल बंद.”

मला राग आला. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं आणि तो राग होता, ह्यांच्यावरच. एवढं बोलायला ह्यांना तीन परकी माणसं लागली? मी दोन हातांवर, दाराच्या पलीकडं होते. हे एक शब्द बोलले असते तर मी दुसऱ्याच दिवशी फूल ठेवलं असतं, आयुष्यभर ठेवलं असतं.

“तर मग वहिनींचं काय धरायचं?” गिरगावकर हळू आवाजात म्हणाले. “एकाच गोष्टीच्या दोघांच्या आठवणी. असं कधी झालं नव्हतं.”

“अरे, छोडो ना,” भाई म्हणाले. “गाना भाभी का है.” ते उठले, रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि सुईला हात घातला.

“गाणं राहू द्या, भाई,” मी म्हणाले. “अंकल, ते पुन्हा सांगा.”

‘आठवण एकदाच’ म्हणायला गिरगावकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. अंकलनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, जसंच्या तसं. बायकोनं वळखला, इथपर्यंत मी नीट बसून ऐकलं. मग फूल बंद, असं ते म्हणाले आणि मी त्या तिघा पुरुषांसमोर, आमच्या गावाकडच्या बायका रडतात तशी, मोठ्यानं रडायला लागले.