शिरपुरात समुद्र नाही

कोकणातल्या समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पायी जायचं आणि वाटेत एकाही वाहनावर बसायचं नाही, असं मी निवृत्त झाल्यावर ठरवलं आणि फाल्गुनात निघालो. घाट चढलो, पायांना फोड आले, पण नेम मोडला नाही. तो मोडायची वेळ आली वाशीम जिल्ह्यात, रिसोडच्या पुढे, आणि तीही माणुसकीपायी.

या भागात उन्हात कुणी पायी दिसला की गाडी थांबलीच पाहिजे. नाही म्हणता म्हणता सकाळपासून माझ्या नाकी नऊ आले होते. दुपारी समोरून एक मोटरसायकल आली. वांगी विकून घरी निघालेला शेतकरी. मला पाहून त्याने चक्क गाडी उलटी वळवली.

"काका, बसा."

"मी पायीच जाणार. त्या समुद्रापासून या समुद्रापर्यंत."

"मंग शिरपूरपर्यंत त बसा! शिरपुरात कोठी समुद्र आहे?"

मी हात जोडले. तो भडकलाच. "गाडी असून मानसाले पायी जाऊ देलं, त लोक मले काय म्हनतील?" त्याने इंजिन बंद केलं, माझी सॅक ओढून सीटवर ठेवली. "इचा त काई नेम नाई ना?" आणि गाडी ढकलत माझ्यासोबत निघाला.

थोड्या वेळाने आणखी एक गाडी थांबली. "पेट्रोल सरलं का?"

"नाई. काका समुद्राले चालले."

दोघांना पायी सोडून जायचं कसं, म्हणून तोही उतरला. मग तिसरा. सगळ्या गाड्या ठणठणीत आणि सगळ्या बंद. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने वेग कमी केला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं हो?"

तेवढ्यात शेतकऱ्याचा फोन वाजला. घरून बायको. त्याने सगळं सांगितलं, आणि तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "मंग जेवल्याबिगर कसे सोडून राह्यले त्याइले?"

त्याचं घर मी सकाळीच मागे टाकलेल्या गावात होतं. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण बसा म्हणायची त्याची हिंमत होईना. इतक्या दिवसांत बसा म्हणणारे पुष्कळ भेटले होते, सोबत चालणारा हा पहिलाच.

समुद्र पूर्वेला होता. मी पश्चिमेला वळलो. माझ्यामागे सगळ्यांनी गाड्या वळवल्या, आणि एकानेही सुरू केली नाही.