बंद पडण्याआधीची दुरुस्ती

धडपणे चाललेली वस्तू धडपणे चालू द्यायची नाही, असं व्रत घेतलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आमच्या भावोजींना येऊन पाहा. माझ्या ताईचे यजमान. राहतात कोरगावला, आणि तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला जन्म काढून निवृत्त झालेत. यंत्र बंद पडण्याआधीच उघडून बघायचं, हा तिथला नियम. तो त्यांनी घरी आणला. ताईचा मिक्सर बंद पडण्याआधी उघडला, तेव्हापासून ती बिचारी वाटण पाट्यावर वाटते. पंखा बंद पडण्याआधी उघडला, तो आता एकाच वेगाने फिरतो, तोही उलटा. ताई म्हणते, "मी आजारी पडलंय तरी ह्यांका सांगनंय नाय."

जत्रेच्या नाटकातही तेच. आमचे बाबा शाळामास्तर. गावच्या जत्रेसाठी त्यांनी अकरा नाटकं लिहिली, आणि प्रत्येक नाटकाला विंगेत प्रॉम्प्टर म्हणून भावोजी. हातात वही, पण नजर कधी तिच्यात नाही, सगळं तोंडपाठ. फक्त नट विसरायच्या आधीच वाक्य सांगायचे! मग ज्याला चोख पाठ होतं तोही दचकून विसरायचा. बाबा कपाळाला हात लावून बसत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलावत.

पुढे त्या नाटकांच्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा बाबांनी म्हातारपणी दोन बोटांनी सगळी नाटकं कॉम्प्युटरवर उतरवली. वह्या गेल्या, मग बाबाही गेले, आणि कॉम्प्युटर माझ्याकडे पेडण्याला आला. जुना होता, पण चालत होता. आता चालत होता म्हटल्यावर भावोजी येणारच. एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे.

"आरे, विंडोज म्हणजे भाड्याचा घर! मालकान भायर काडल्यान तर जातलंस खंय? लिनक्स घाल. पाच मिनटांचा काम."

"भावोजी, बाबांची नाटकं आहेत त्यात," मी म्हटलं.

"फायली बाजूक काडल्यो असत. माका पिसो समाजलंस?"

फायली खरंच होत्या. नव्या सिस्टीमवर त्या उघडल्या, तर पडद्यावर नुसता कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला. निम्म्या जागी तर रिकामे चौकोन. बाबांचा मराठी फाँट जुन्या सिस्टीमबरोबरच पुसला गेला होता. तो बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. डिचोली-म्हापशाचे छापखाने पालथे घातले, कुणाकडेच तो नव्हता. अकरा नाटकं डोळ्यांसमोर, आणि एक शब्द वाचता येईना! देवाशप्पथ सांगतो, त्या दिवशी भावोजींचा गळा धरावासा वाटला. बाबा दुसऱ्यांदा गेले असं वाटलं मला. भावोजी चहाही न घेता निघून गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा हजर. हातात पावाचे उंडे, काखेत जुनं कॅलेंडर, आणि त्याच्या पाठीवर पाठ असलेल्या वाक्यांवरून जुळवलेला तक्ता: कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर. चार चिन्हं जुळवायची, चौकोनांच्या जागचं आठवायचं, आणि टाइप करायचं. दोन वर्षं दर रविवारी हेच चाललंय. दोन नाटकं झाली. नऊ उरलीत, आणि भावोजींना त्र्याहत्तरावं लागलंय. त्यात बाबांचं वाक्य कुठलं आणि भावोजींनी घुसडलेलं कुठलं, तेही आता कळत नाही. मी आशा केव्हाच सोडली, उंडे तेवढे खातो.

गेल्या रविवारी तिसऱ्या नाटकाचा शेवटचा प्रवेश आला. म्हातारा घर सोडून निघतो. ते काम बाबा स्वतः करायचे. भावोजींचं बोट थांबलं. "थांब हां. येता... येता." येईना. विंगेत जन्मात न अडखळलेला माणूस नुसते ओठ हलवत त्या चौकोनांकडे बघत बसला. मला ते बघवेना. चहाचा कप ठेवता ठेवता मी हळूच म्हटलं, "दार लोटून घे. कडी लावू नको."

भावोजी खवळले. "इसारललंय खंय मी? तूच आदी सांगलंस!"

पण टाइप केलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुढच्या वाक्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

पुढचं मला येत नव्हतं.