आमच्या ऑफिसातली चार माणसं

मित्रमंडळी जमली की ऑफिसचे किस्से निघतातच. एकाने सुरू केला की दुसरा ओरडतो, "अरे, मी होतो ना तिथे!" आणि किस्सा रंगतो. माझी पंचाईत अशी, की माझ्या किश्शांना साक्षीदारच नाही. त्यामुळे ते कधी सांगितले गेले नाहीत, नुसते साठत राहिले. आज ऐकाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूरहून मी थेट बंगलोरला आले, प्रयोगशाळेतले वजनकाटे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. कारखाना यशवंतपूरला, ऑफिस इंदिरानगरात, एका खोलीचं. खोलीत एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि मी. हुद्दा मात्र भारी, पब्लिक रिलेशन्स!

मालक गणपतराव. तीन पिढ्या बंगलोरात, त्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडची फोडणी. कंपनीची वेबसाइट काढली तेव्हा 'आमची टीम' असं एक पान हवंच म्हणाले.

"पण टीम कुठाय, सर?"

"एकटी बाई बसलीय म्हणून कळलं तर ऑर्डर कोण देतंय? चार नावं घाल की! स्वल्प मोठं दिसू दे."

घातली. वर्तमानपत्रांसाठी थॉमस, एक्स्पोर्टला अनिता, सर्व्हिसला सुब्रमण्यम आणि तक्रारींना फातिमा. चौघांचे ईमेल वेगळे, उत्तरं देणारी मी एकटी.

"आणि माझं नाव, सर?"

"तुझं कशाला? तू हायसच की!"

*

थॉमस इंग्रजी फार सुंदर लिहायचा, हे मी नाही, एका पेपरातला वार्ताहर म्हणायचा. नव्या काट्याची बातमी थॉमसने ईमेलने पाठवली, की दहा मिनिटांत त्या वार्ताहराचा फोन. "मेल पाठवलाय ना? मग त्याचा प्रिंट आणून द्या, आमच्याकडे मेल उघडणारा माणूस आज रजेवर आहे."

मी रिक्षाने प्रिंट घेऊन जायचे. तो विचारायचा, "थॉमस स्वतः कधी येत नाहीत?"

"ते फार बिझी असतात."

बातमी छापून आली. 'कंपनीचे प्रवक्ते थॉमस म्हणाले' वगैरे. मी कौतुकाने कात्रण नागपूरला पाठवलं. आईने पत्रात विचारलं, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

*

आईचा फोन ऑफिसवरच यायचा, कारण मी राहायचे तिथे फोन नव्हता. आणि ऑफिसची लाइन एकच. मी इंटरनेटला लागले की फोन एंगेज! एकदा तासभर प्रयत्न करून तिला लाइन मिळाली.

"सारखी कोणाशी बोलत असतेस गं? झाली वाटतं चार माणसं ओळखीची!"

"हो आई," मी म्हटलं. "मोजून चार."

ती इतकी खूश झाली, की खरं सांगायचा धीर झाला नाही.

खरं म्हणजे त्या गावात मला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. घरमालकीणबाईंची मी अक्का, रिक्षावाल्यांची मॅडम, गणपतरावांची बाई. दिवसाला वीस-वीस पत्रं यायची, पण 'प्रिय वसुधा' असं एकही नाही. त्या एका ओळीसाठी मी अक्षरशः झुरत होते.

*

मग मला टायफॉइड झाला. तीन आठवडे खोलीत पडून. परत येऊन बघते तर पत्रांचा ढीग! चौघं एकदम गप्प का होते, याची चार कारणं शोधावी लागली. थॉमसला दौऱ्यावर पाठवलं, अनिताच्या बहिणीचं लग्न लावलं, सुब्रमण्यमला ट्रेनिंगला बसवलं. माझा टायफॉइड फातिमाला दिला.

फातिमाला सात पत्रं आली! भरपूर पाणी पी, तिखट खाऊ नकोस, घाई करून कामावर येऊ नकोस. मी सगळी दोन-दोनदा वाचली आणि पाणीसुद्धा प्यायले.

गणपतरावांनी मात्र दारातून एवढंच विचारलं, "आलीस? सरी, ठीक. मेल बघ."

*

हेल्गाबाई आमच्या जर्मनीतल्या डीलर. दीड वर्ष चौघांशी पत्रव्यवहार करून एक दिवस त्या चक्क बंगलोरला आल्या! गणपतरावांची धावपळ उडाली. "चौघं म्हैसूरला गेलेत म्हणून सांग, कस्टमरकडं!"

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी बॅगेतून चॉकलेटचे चार डबे काढले, चारींवर नावं लिहिलेली. मग माझ्याकडे बघून ओशाळल्या. "तू आहेस हे मला माहीतच नव्हतं गं."

"असू दे," मी म्हटलं. "माझं नाव वसुधा."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मी चहा केला. गणपतराव कारखान्यात फोन लावत होते, तेवढा अर्धा तास आम्ही दोघीच बोलत बसलो. नागपूरची थंडी, त्यांची मांजर, माझी आई. बंगलोरात इतकं कोणाशी मी बोललेच नव्हते. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "घरी पोचले की पत्र लिहीन."

मी रोज ऑफिसच्या वेळेआधीच येऊन मोडेम लावत होते. आठव्या दिवशी पत्र आलं. फातिमाच्या नावे.

"प्रिय फातिमा, तुमची कोणाचीच भेट झाली नाही, चुटपुट लागली. पण तुमच्या ऑफिसात एक मुलगी बसते, नाव आता आठवत नाही. चहा छान करते. मला ती फार एकटी वाटली. तुम्ही चौघं आहात, तिला जरा तुमच्यात घ्या ना."

मग उत्तर लिहिलं.

"प्रिय हेल्गा, कळवलंत ते बरं केलंत. आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आजपासून घेतो. तुमची, फातिमा."