दारातला उजेड

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करताना संकोच वाटतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

वसतिगृहाच्या अर्जावर पालकांचा फोटो लावायचा होता, म्हणून आईला बाबूकाका फोटोवाल्यांकडे नेलं होतं. त्यांच्याकडे मोठे दिवे नव्हते, फ्लॅशही नव्हता. एक जुना कॅमेरा आणि एक पांढरी चादर, एवढंच. त्यांनी आईला दाराशी स्टुलावर बसवलं आणि चादर माझ्या हातात दिली.

"धर अशी. तिच्या दुसऱ्या गालावर उजेड जाऊ दे."

मी धरली. दारातून आलेलं सकाळचं ऊन चादरीवरून हळूच परतलं, आणि आईच्या कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या उजळून निघाल्या. इतका शांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. पण मला आठवली ती वर्गातली मुलं; फोटो पाहून हसतील असं वाटलं. आई दाराबाहेर चपला घालत असताना मी काकांना हळूच विचारलं, "जरा गोरी करता येईल का?"

"दारातून आला तेवढा उजेड घेतला, बाळा. त्यात काय कमी पडलं तुला?"

मी मान खाली घातली. काकांनी फोटो होता तसाच दिला. आजही तो पाहताना वाटतं, चादर धरणारे हात माझेच होते आणि दिसलं मात्र काकांना.

काल धाकट्या बहिणीला फोन केला. म्हटलं, पदवीदानाला आईला घेऊन ये.

 ती म्हणाली, "दादा, ती नाही येणार. तिथं फोटो काढतील म्हणते. त्या दिवशी तिनं ऐकलं होतं."