गोष्टीत मागितलेली माफी

आमच्या मोठ्या साडूंइतक्या मनापासून माफी मागणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. अडचण एवढीच, की ज्याची माफी मागायची त्याला ती मागितल्याचं कधी कळत नाही. साडू माफी मागतात ती गोष्टीत, गोष्ट टाकतात ब्लॉगवर, आणि त्यांचा ब्लॉग वाचायचा तर आधी तो सापडावा लागतो. दर दिवाळीला घराला रंग काढावा तसं ते ब्लॉगचं नाव आणि पत्ता दोन्ही बदलतात. जुना पत्ता जपून ठेवलेला भाबडा वाचक नव्या वर्षी कुणाच्या तरी उपवासाच्या पाककृतींवर जाऊन पोचतो. तरीही आपले वाचक परदेशातही आहेत, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. ब्लॉगच्या आतल्या बाजूला कुठल्या देशातून कोणी पान उघडलं ते दिसतं म्हणे, आणि तिथे भारताच्या खाली नेमानं इस्रायलचं नाव असायचं. "तो कुठला तरी रोबो असेल साडूभाऊ," असं मी म्हणायचो. "रोबो असला तरी रसिक आहे," असं ते म्हणायचे.

साडूंची सगळी नोकरी जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघण्यात गेली. निवृत्त होऊन खांदा कॉलनीत राहायला आले आणि लेखक झाले, पण यार्ड काही त्यांच्यातून गेलं नाही. डोक्यात आलेलं पात्र ते लगेच गोष्टीत घेत नाहीत. "आलंय, पण यार्डात पडून आहे. अजून सुटलं नाही," असं सांगतात. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तर ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, कपाळाला हात लावून बसलेल्या. आदल्या संध्याकाळपासून साडूंच्या यार्डात एक विधवा आणि एक फौजदार अडकून पडले होते, आणि त्यांची सुटका होईपर्यंत घरात कुणी टीव्ही लावायचा नव्हता.

टाइप करायचा त्यांना मनस्वी कंटाळा. म्हणून ते गोष्ट मोबाइलला तोंडी सांगतात, आणि तीही कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारता मारता, खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट. सकाळच्या शांत वेळी झाडामागून "मी आता या घरात क्षणभर राहणार नाही पूर्णविराम" असं ऐकू आलं, की जुने फिरणारे वळूनसुद्धा बघत नाहीत. नवे मात्र घाबरतात. नायिकेचे संवाद साडू बायकी आवाजात म्हणतात. एकदा त्यांनी "सोडा माझा हात, मी माहेरी जाते" हे इतक्या तळमळीनं म्हटलं, की दोन धडधाकट गृहस्थ काठ्या घेऊन झुडपात शिरले. साडूंनी त्यांना शांतपणे बाकावर बसवलं आणि पुढचा प्रसंग ऐकवला. त्यातल्या एकानं त्या दिवसापासून फिरायची वेळ बदलली.

त्यांची पात्रं त्यांच्या तब्येतीप्रमाणे वागतात. साडूंचा खांदा धरला होता त्या दिवसांत त्यांच्या एकाही नायकाला नायिकेच्या पाठीवर हात टाकता आला नाही. गुडघ्याचं दुखणं निघालं, तेव्हा एका खेड्यातल्या कौलारू घराला त्यांनी लिफ्ट बसवली होती. मी दाखवून दिल्यावर नाइलाजानं काढली. पात्रं सगळी ओळखीतलीच. ती ओळखू येऊ नयेत म्हणून ते एकच काळजी घेतात, माणसाला मिशी लावतात. मिशी नसलेल्याला लावतात आणि असलेल्याची काढतात. त्यामुळे गोष्टीत झुपकेदार मिशांचा भांडखोर सेक्रेटरी आला, की त्यांच्या सोसायटीचे गुळगुळीत दाढीचे सेक्रेटरी चारचौघांत मान खाली घालून चालतात.

पण हे सगळं झालं वरवरचं. साडूंचा खरा विक्षिप्तपणा त्या माफीत. स्वभाव तापट, तोंडाला लगाम नाही, आणि मन लोण्याचं. तोंडातून शब्द गेला की त्यांना रात्र रात्र पश्चात्ताप होतो, पण समोर जाऊन "चुकलं" म्हणायला जीभ रेटत नाही. मग ते गोष्ट लिहितात. गोष्टीत ती दोन माणसं भेटतात, डोळे पुसतात, चहा घेतात. गोष्ट ब्लॉगवर पडली की साडूंचं मन स्वच्छ होतं, आणि भांडण खरोखरच मिटलं अशा समजुतीनं ते वागू लागतात. एसटी स्टँडबाहेरच्या एका रिक्षावाल्याशी त्यांची अशीच जुंपली होती. चार दिवसांनी ते त्याच्याच रिक्षात बसले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय मग, चहा आवडला ना?"

तो गोंधळून मागे वळला. "कंचा च्या काका? तुमी कोन? मी तुमाला ओलखत पन नाय."

"असू दे, असू दे. मनात काही ठेवू नकोस," साडू म्हणाले. त्यानं घाबरून त्यांना दारापर्यंत सोडलं.

मीही या गोष्टींतून सुटलो नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात गुरुजींच्या पंगतीवरून ते माझ्यावर भडकले आणि न जेवता निघून गेले. पुढच्या आठवड्यात हसत हसत दारात हजर, आणि बायकोला म्हणतात, "काय मेहुणीबाई, पुरणपोळी उरलीय का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. नंतर बायकोनं ब्लॉग शोधून काढला. गोष्ट सुरेख होती. दोन साडू, एक तापट आणि एक मिशीवाला. शेवटी मिशीवाला ओक्साबोक्शी रडून तापटाच्या पायाशी बसतो. म्हणजे गोष्टीत माफी मीच मागितली होती! वर साडूंनी मला मोठ्या मनानं क्षमाही केली होती. ताईंचं तर विचारूच नका. "इतक्या वर्षांत माझी एकदा तरी माफी मागितलीत का?" असं त्यांनी एकदा आमच्यासमोरच विचारलं, तर साडू दुखावून म्हणाले, "मागितली की. बऱ्याच लोकांनी वाचलीसुद्धा. तूच तेवढी राहिलीस."

आम्ही पोट धरून हसलो होतो तेव्हा. आज तो प्रसंग आठवला की हसू येतं, पण पूर्वीसारखं मोकळं येत नाही.

सॅमसन हा साडूंचा शाळेपासूनचा मित्र. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातला, ड्राफ्ट्समनचं काम करणारा, बारीक आवाजाचा, कमालीचा सोशिक माणूस. सोशिक नसता तर साडूंशी मैत्री टिकलीच नसती. वडाळे तलावाच्या काठावर दोघं रोज संध्याकाळी बसायचे. साडू बोलायचे, सॅमसन ऐकायचा. त्याचे नातेवाईक एकेक करत इस्रायलला गेले, मग मुलगी रिबेका लग्न होऊन तिथल्याच अश्दोद शहरात गेली, आणि बायको वारल्यावर तिनं बापालाही बोलावून घेतलं. निघण्याआधीच्या रविवारी सॅमसननं घरी मलिदा केला. ही त्यांच्यातली रीत. प्रवास असो, लग्न असो, गोड पोह्यांत ओलं खोबरं कालवायचं, वर फळं मांडायची, एलियाहू नबीच्या नावानं प्रार्थना म्हणायची आणि तो प्रसाद सगळ्यांच्या हातावर ठेवायचा. साडू लहानपणापासून तो मलिदा खात आलेले. त्या दिवशी मात्र सॅमसन ताटली घेऊन समोर आला आणि साडूंचा तोल गेला. मित्र चालला याचं दुःख होतं, दुसरं काही नव्हतं. पण बाहेर पडलं ते असं, की "जातोस तर जा. तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडलेलं नाही!" भरल्या घरात ते म्हणाले आणि मलिदा न घेता चालू लागले. ज्या दिवशी सॅमसन निघाला त्या दिवशीही गेले नाहीत. ताई एकट्याच गेल्या.

आणि नेहमीप्रमाणे त्यांनी गोष्ट लिहिली. त्यांच्या सगळ्या गोष्टींत ती उत्तम आहे, हे मी साडू म्हणून नाही, वाचक म्हणून सांगतो. टॅक्सी सुटता सुटता एक म्हातारा गल्लीतून धावत येतो. खिडकीची काच खाली होते, आतून एक हात बाहेर येतो, आणि त्या हातात आदल्या रविवारची मलिद्याची पुडी असते. दोघंही बोलत नाहीत. बस्स, एवढीच गोष्ट. ती लिहून झाल्यावर साडूंनी ताईंना सांगितलं, "सॅमसनचं आणि माझं मिटलं." ताईंना वाटलं, फोनवर बोलले असतील. विषय तिथंच संपला आणि वर्षं गेली.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे होतो. साडू चष्मा लावून ब्लॉग बघत होते, आणि एकदम ओरडले, "बघा, परदेशी वाचकानं लिहिलंय!" ते रिबेकानं लिहिलं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'काका, मी रिबेका. तुमचा ब्लॉग पत्ता बदलला की शोधून काढते. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आधी, मी बाबांना तुमच्या गोष्टी वाचून दाखवते. आता बाबांना बरंचसं आठवत नाही. माणसंही ओळखू येत नाहीत. पण तुमचं नाव निघालं की बोलतात. एकदा व्हिडिओवर भेटाल का?' खाली तिचा नंबर होता.

"भेटू की," साडू म्हणाले. "आमचं तर केव्हाच मिटलंय."

"कसं मिटलं होतं हो? कोणी फोन केला होता, तुम्ही की त्यांनी?" ताईंनी सहज विचारलं.

"फोन नाही. गोष्टीत..." आणि साडू थांबले. आपण काय बोललो ते त्या माणसाला त्या क्षणी, पहिल्यांदाच, ऐकू आलं असावं.

ताई पदर सावरून खुर्चीवर बसल्या. "म्हणजे तुम्ही बोललातच नाही? अहो, त्या दिवशी सामान चढलं, विमानतळावर पोचवायला जाणारे सगळे बसले, आणि सॅमसनभाऊजी खाली उतरून उभे राहिले. जरा थांबा, तो येईल, म्हणाले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही बोलून घेतलं असेल."

साडूंनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून बसले. मला त्यांचा राग आला आणि कीवही.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल ठरला. साडूंनी हट्टानं मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मोबाइल तुम्ही धरा, माझा हात हलेल." त्या आठवड्यात बागेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. जायच्या आधी मी सकाळी ती टॅक्सीची गोष्ट पुन्हा एकदा वाचली. साडू इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत एकच वाक्य म्हणत होते, "सॅमसन, माझं चुकलं, मी तेव्हा यायला हवं होतं." सॅमसनला आठवतंय तोवर हे त्याला सांगायचं होतं. सगळी मदार त्या एका वाक्यावर होती.

पडद्यावर आधी रिबेका दिसली. तिनं मोबाइल वळवला. सॅमसन फार वाळला होता. क्षणभर तो अनोळखी नजरेनं बघत राहिला, मग त्याचा चेहरा फुलला आणि त्यानं साडूंना नावानं हाक मारली.

"सॅमसन, त्या दिवशी, तू निघालास ना त्या दिवशी, मी..."

"आला होतास!" सॅमसन आनंदानं म्हणाला. "रिबेका, हा आला होता बरं. टॅक्सी सुटत होती, तर हा गल्लीतून धावत. मी काच खाली केली आणि मलिद्याची पुडी दिली ह्याच्या हातात. रविवारची ठेवली होती मी ह्याच्यासाठी."

शब्दन् शब्द गोष्टीतला होता. दर शुक्रवारी ऐकून ऐकून त्या बिचाऱ्याला ते घडल्यासारखंच आठवत होतं. त्याच्या मागे उभी असलेली रिबेका साडूंकडे बघून हलकेच मान हलवत होती. नका सांगू, काका.

"सॅमसन, ऐक ना..."

"केवढी धाप लागली होती तुला! मी म्हटलं, अरे हळू, पडशील की रे वेड्या. तुला कधी कळणार?"

मी चपापलो, कारण हे गोष्टीत नव्हतं. गोष्टीत दोघं एक अक्षरही बोलत नाहीत, हे मी सकाळीच वाचलं होतं.

"हो रे," साडू शेवटी म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. "फार धाप लागली होती."

मग थोडं तलावाबद्दल बोलणं झालं. थोड्या वेळानं सॅमसन थकला, त्याची नजर भिरभिरायला लागली, आणि "हे कोण आहेत?" असं त्यानं मुलीला विचारलं. तिनं हात जोडून कॉल बंद केला.

साडूंना धीर द्यायला म्हणून मी म्हणालो, "साडूभाऊ, तुम्ही लिहिलंत त्यापेक्षा सॅमसनभाऊंनी चांगलं केलं. ते 'हळू, पडशील' गोष्टीत घाला."

त्यांनी मान हलवली. "ते माझं नाही. ते त्यानं मला म्हणायचं होतं, त्या दिवशी. त्यासाठी मी तिथं असायला हवं होतं." मग ते ताईंकडे वळले. "मी जायला हवं होतं गं."

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या समजूत घालतील असं मला वाटलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "जायला हवं होतं."