एक जूनचा घोडा

मी घोडा आहे, हे मला बर्मिंगहॅमला आल्यावर कळलं.

केअर होमच्या किचनमध्ये आम्ही दोघी समोरासमोर बटाटे सोलतो. मी आणि मलेशियाच्या एक साठीच्या चिनी बाई. सगळे त्यांना आंटी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी जन्मतारीख विचारली.

"एक जून, नव्वद," मी म्हटलं.

"हॉर्स!" त्यांनी पीलर माझ्यावर रोखला. "आम्हा चिन्यांत प्रत्येक सालाला एक प्राणी असतो. घोड्याच्या सालातली माणसं लवकर घर सोडतात. कामाला दमत नाहीत. मनात येईल ते तोंडावर बोलतात. आणि दुःख दिसलं की पळतात, मागे वळून बघत नाहीत."

मी नववीत शाळा सोडलेली. माझ्या स्वभावावर इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. तोंडावर बोलायचं तर सोडाच, मी बस ड्रायव्हरला दोनदा थँक यू म्हणते, एकदा ऐकू गेलं नसेल म्हणून. पण ते पळण्याचं वाक्य माझ्याजवळ राहिलं.

गेल्या वर्षी ते कामाला आलं. आप्पा, माझे वडील, तीन महिने अंथरुणावर होते. व्हिसा चालू होता, पासपोर्ट कपाटात होता, नवऱ्याने तिकीटसुद्धा शोधून ठेवलं. मी म्हटलं, किचनमध्ये माणसं कमी आहेत. खरं म्हणजे त्यांचा चेहरा बघायची भीती वाटायची. व्हिडिओ कॉलवरही मी आईला म्हणायचे, फोन तुझ्याकडे वळव. ते गेले तेव्हा मी स्वतःला सांगितलं, काय करणार, आपण घोडा.

यंदा फेब्रुवारीत घोड्याचंच साल लागलं. आंटींनी लाल दोरा आणला. आपल्याच सालात माणसाला ठेच लागते म्हणे. किचनमध्ये मनगटात काही चालत नाही, म्हणून त्यांनी तो खाली बसून माझ्या घोट्याला बांधला. त्यांचे गुडघे दुखतात, तरी. मला भरून आलं.

मग आईचा फोन आला. "वर्षश्राद्धाला येशील ना गं?"

नकार तयारच होता. मी हसत म्हटलं, "इथल्या बाई म्हणतात, नव्वद सालची म्हणजे मी घोडा. घोडा मागे वळत नाही."

"कसली नव्वदची?" आई म्हणाली. "एक जूनला अर्धं गाव जन्मलंय, बाई. ती शाळेतली तारीख. तू एक्क्याण्णवच्या पोळ्याची."

"मग नव्वद कुणी घातलं?"

"आप्पांनी. तुला शाळेत घालायची त्यांनाच घाई. गुरुजी म्हणाले, वय बसत नाही. तर हे शाळा सुटेपर्यंत पायरीवर बसून राहिले. हलेनातच. शेवटी गुरुजींनी लिहिलं. घरी येईपर्यंत तुझ्याकडून घोकून घेतलं, कुणी विचारलं तर एक जून, नव्वद."

मला त्यातलं काही आठवत नाही. नववीत शाळा सोडते म्हटलं तेव्हा आप्पा बाहेर जाऊन बसले होते, ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी आंटींना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं.

"मग तू शेळी."

"शेळी कशी असते?"

"भित्री. आपल्यासाठी केलेलं विसरत नाही. कळप सोडत नाही." त्यांनी पीलर खाली ठेवला. "वडिलांना बघायला गेली नाहीस, तेव्हा मी माझ्या नवऱ्याला म्हटलं होतं, पोरगी घोडा आहे, तिला बोल लावू नये."

मी पुढचा बटाटा उचलला. त्या हलकेच म्हणाल्या, "दोरा सोड. हे तुझं साल नाही."

गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. लॉकरजवळ बसून कात्रीने कापावी लागली.

मग मॅनेजरच्या दारात उभी राहिले. दहा दिवस मागितले. तिने रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, बघितला, उसासा सोडला. "एकच आठवडा. तोही बिनपगारी. परत आल्यावर हीच शिफ्ट मिळेल, हे सांगू शकत नाही."

मी दोनदा थँक यू म्हटलं. आता कुणाचा चेहरा बघायला जाणार, हे तिने विचारलं नाही, बरं झालं. रजेच्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना होता. आप्पांनी घोकून घेतलं होतं तेच लिहिलं.